जागरूक पतीचा फेटा

कोल्हापुरात माणसाला फेटा बांधायला फारसं कारण लागत नाही. राजारामपुरीतल्या त्या महिला आरोग्य शिबिरात तर बायकोला तपासणीला आणल्याबद्दल नवऱ्यांना 'जागरूक पती' ठरवून फेटे बांधले. तपासल्या बायका, सत्कार नवऱ्यांचा.

माझ्या शेजारी चंदगडकडची एक बाई बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, पुन्हा सोडायची. तिला गुप्तांगाच्या एचपीव्हीची लागण निघाली होती. ती लैंगिक संबंधातून होते, आणि ती असलेल्या बाईला एचआयव्हीचा धोका वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी तिला आत समजावलं होतं. एचआयव्हीसाठी दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं होतं; तिचं तिथंच तपासून झालं होतं. नवरा गोव्याला ट्रक न्यायचा.

"माझ्यात न्हाय निघालं," ती हळू आवाजात म्हणाली. "मालकांचं कुणाला ठाव?"

तेवढ्यात दोघांना स्टेजवर बोलावलं. नवऱ्याला फेटा, नारळ, टाळ्या. मग शिष्टाचार म्हणून कुणीतरी माईक तिच्यापुढंही धरला.

"फेटा झ्याक दिसतोय," ती म्हणाली. "आता ह्यांचं रगात बी तपासा की."

मंडप हसला. नवरा फेटा सावरू लागला. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हे शिबिर महिलांचं आहे. पुरुषांचं पुढच्या वर्षी घेऊ."

"व्हय? मग तवर ह्यास्नी हितंच ठेवून घ्या," बाई म्हणाली, आणि एकटीच चंदगडच्या गाडीला निघून गेली.