यंत्राच्या डोळ्यात कुंकू

कसबा पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात विजयमालाबाई एकतीस वर्षं रक्ताच्या स्लाइड तपासत होत्या. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि मलेरियाचे जंतू मोजायचे. या दिवाळीत त्या निवृत्त होणार होत्या. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज विश्वस्त दिग्विजयराव दाबून बसले होते.

कारण टेबलावर नवं यंत्र आलं होतं. संस्कृती नावाच्या इंजिनिअर मुलीने इंटरनेटवरचे, कुणालाही फुकट खुले असलेले आराखडे उतरवून ते बनवलं होतं. छापलेले प्लास्टिकचे भाग, दोन चिमुकल्या मोटरी, एक स्वस्तातला कॅमेरा. यंत्र स्लाइड आपोआप सरकवायचं, फोटो काढायचं, जंतू मोजायचं. दिग्विजयरावांना त्यातलं एकच कळलं होतं, की ते रजा मागत नाही. देणगीदारांसमोर डेमो करायचा आणि मग बाईंच्या अर्जाचं बघायचं, असं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दवाखान्यातल्या उपकरणांची पूजा दिग्विजयराव स्वहस्ते करतात. वैद्यकशास्त्रात त्यांचं योगदान तेवढंच. मायक्रोस्कोपला टिळा पायाशी लावायचा, हे बाईंनी त्यांना कधीच शिकवून ठेवलं होतं. पण नव्या यंत्राचा मान मोठा. साहेबांनी कॅमेऱ्यावरचं झाकण काढलं आणि थेट आत चिमूटभर कुंकू वाहिलं.

डेमोच्या वेळी यंत्राने वीसच्या वीस स्लाइडमध्ये मलेरिया शोधला. त्यातली एक खुद्द दिग्विजयरावांच्या रक्ताची होती. धडधाकट माणूस खुर्चीत बसला आणि त्याला थंडी वाजू लागली.

"फुकटचं ते असंच असायचं," ते म्हणाले. "बाई, तुमचा अर्ज मंजूर समजा."

संस्कृतीचा चेहरा उतरला. बाई मात्र यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक फोटोत तेच सात ठिपके, त्याच जागी. पेशंट बदलत होते, ठिपके हलत नव्हते. गप्प बसलं की दोन वर्षं पदरात पडत होती, आणि क्षणभर त्यांना मोह झालाच.

"साहेब, आपल्याला मलेरिया नाही," त्या म्हणाल्या. "आपण काल वाहिलेलं कुंकू आहे ते."

त्यांनी मऊ ब्रशने कॅमेरा साफ केला. यंत्र पुन्हा चाललं. या वेळी फक्त एका स्लाइडमध्ये जंतू निघाले, येरवड्याच्या सुंदराबाईंच्या. त्या स्लाइडवर सकाळीच बाईंनी 'निर्दोष' म्हणून सही केली होती.

बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. अगदी कडेला दोन जंतू होते. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

"आहेत," त्या म्हणाल्या. सकाळची सही खोडून त्यांनी नवा रिपोर्ट लिहिला आणि सुंदराबाईंना स्वतः फोन लावला.

आठवड्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर. खाली दिग्विजयरावांनी स्वहस्ते दोन ओळी लिहिल्या होत्या. पुढच्या खंडेनवमीला टिळा कुठे लावायचा ते दाखवायला बाईंनी अगत्याने यावं, अर्थात विनामोबदला.

"फुकटचं ते असंच असायचं," बाई म्हणाल्या आणि पत्राची घडी घातली.