रिकामी मूठ चालत नाही

मामाचा स्वभाव मुळातच भित्रा. भाच्या डबा घेऊन आल्या की धक्क्यावरूनच "मामा, मामा" म्हणून हाका मारत, त्यामुळे सगळ्या बंदराचाच तो मामा झाला होता. त्याच्या बहिणीचा नवरा, दाजी, पाणबुड्या. दाजी जहाजांची बुडं खरवडायला पाण्यात उतरायचे आणि मामा होडीत बसून त्यांच्या कमरेची दोरी धरायचा. स्वतःला पोहता येत नाही, आणि धरायची पाणबुड्याची दोरी! पण थोरल्या ताईने लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं, "यांची दोरी तूच धरायची. परक्यावर माझा भरवसा नाही."

त्याची भीती घालवायला म्हणून दाजींनी एकी-बेकी पाण्यात नेली. हा खेळ कोणी काढला, देव जाणे. मामाला ताईने शिकवला, ताईला आजीने, आजीला कोणी ते आजीबरोबरच गेलं. एकाने मुठीत खडे लपवायचे, दुसऱ्याने सांगायचं, एकी का बेकी. जोड्या लागल्या तर बेकी, एक उरला तर एकी. ताई लहानपणी रिकामीच मूठ पुढे करून फसवायची, म्हणून घरात नियम झाला होता, रिकामी मूठ चालत नाही.

दाजी तळाचे खडे मुठीत घेऊन दोरीला एक हिसका देत. मामा एका हिसक्याने एकी सांगे, दोनांनी बेकी. मग 'कळलं' म्हणून दाजींचा एक हिसका येई. मूठ वर आल्यावर उघडायची आणि हरेल त्याने पाण्यात उतरायचा सगळा सरंजाम धुवायचा. संकटाची खूण निराळी होती, लागोपाठ चार हिसके.

त्या दिवशी एक हिसका आला, जरा मवाळच. मामाने हसत दोन दिले. उत्तर आलं नाही.

"दाजी चेष्टा करतायत," तो होडीवाल्याला म्हणाला. पुन्हा दोन हिसके दिले. दोरी मेल्यासारखी पडून राहिली आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालं. तो हिसका चारातला पहिला असेल तर? उरलेले तीन द्यायला हातच मोकळा नसेल तर?

"ओढ! ओढ रे!" तो किंचाळला. दोरी अडकली. खाली काहीतरी गच्च धरून बसलं होतं. तळहात सोलले तरी दोघे ओढत राहिले. मामाला डोळ्यांसमोर ताई दिसत होती, दारात उभी. अखेर दोरी सैल झाली आणि दाजी वर आले, ओठ काळेनिळे, मूठ आवळलेली.

मुखवटा काढताच ते खोकले, ओकले, श्वास घेऊ लागले. मामा लहान मुलासारखा रडत होता. "दाजी, मूठ उघडा. खेळच होता ना? सांगा ना!"

बोटं सावकाश सुटली. आत काहीच नव्हतं.

"नांगराच्या साखळीत हात अडकला होता," दाजी पुटपुटले. "जेमतेम एक हिसका देता आला. मग वरून दोन आले, आणि कळलं मला, तू खेळतोयस."

सरंजाम मामानेच धुतला. कोणाची पाळी, ते कोणी विचारलं नाही.