बाकीचे कुठी गेले?

आमचे सर कोणताही शोधनिबंध हातात आला की आधी स्टेपलर मागायचे. निबंधाचं पहिलं पान, म्हणजे सारांश, आणि शेवटचं पान, म्हणजे निष्कर्ष, दोन्ही टाचून बंद करायचे आणि मधला भाग तेवढा आमच्यापुढं सरकवायचे. ‘आधी सयपाकघर पाहा, ताट मंग पाहू,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टाचलेलं पान कुणी चोरून उघडलं तर त्यानं अख्ख्या विभागाला चहा पाजायचा, असा दंड होता. आमचा शिपाई त्या दंडावर डोळा ठेवूनच असायचा आणि चहावाला कधी उपाशी राहिला नाही.

मी तेव्हा यवतमाळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक आरोग्य या विषयात एमडी करत होते. दर शनिवारी दुपारी आमचा जर्नल क्लब भरायचा. एकानं छापून आलेलं संशोधन वाचून दाखवायचं आणि इतरांनी ते कितपत भरवशाचं आहे ते तपासायचं, एवढंच त्याचं स्वरूप. दुसऱ्या विभागांत हा तास डुलक्यांचा असे. आमच्याकडे मात्र वादावादी व्हायची, टेबलं वाजायची, आणि सर्जरीची पोरंसुद्धा दारात येऊन उभी राहायची. एखादा नावाजलेला निबंध आपल्या डोळ्यांदेखत उसवत जातो तेव्हा काय मजा येते, ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

सरांचा हुकमी प्रश्न एकच होता. अभ्यासात सुरुवातीला घेतलेले रोगी आणि शेवटी मोजलेले रोगी यांचा मेळ बसला नाही की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि अगदी हळू आवाजात विचारायचे, ‘बाकीचे कुठी गेले?’ ज्याला बरं वाटतं तो डॉक्टरला दाखवायला हौसेनं येतो. ज्याला गुण आला नाही तो दुसरा डॉक्टर गाठतो, आणि जो मेला तो येतच नाही. मग आलेल्यांचीच मोजदाद करून औषध चांगलं म्हणायचं, हे त्यांना मुळीच पटत नसे. सर दारव्ह्याकडचे, घरी कापूस आणि तूर. ‘वरवरचा कापूस पाहून भाव करते का कोणी? व्यापारी गाडीत कोपरालोक हात घालते,’ असं ते म्हणायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘बाकीचे सर’ ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. फोन उचलून ‘बोला, बाकीचे बोलून राह्यलो’ म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकलं आहे.

एकदा औषध कंपनीचा एक नवा प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरचं पत्रक घेऊन आला. कुठल्याशा टॉनिकनं जवळजवळ सगळ्यांची भूक वाढल्याचं त्यात छापलं होतं. सरांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलं की या अभ्यासाचा खर्च कोणी केला, टॉनिक न घेतलेल्यांची भूक कुणी पाहिली का, आणि बाकीचे कुठी गेले. बिचाऱ्यानं पत्रक बॅगेत घालून काढता पाय घेतला. पण गडी जातिवंत निघाला. पुढच्या वेळी तो पत्रकाऐवजी मूळ निबंधच घेऊन आला आणि म्हणाला, सर, हा मी वाचला, यात काही दम नाही. सरांनी त्या दिवशी स्वतःच्या खर्चानं सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण ती सांगायला मी केव्हाची उतावीळ झाले आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी निबंध वाचायची पाळी माझी होती. सरांनी माझ्या हातात एक निबंध ठेवला. त्यावरचं लेखकाचं नाव आणि जिल्ह्याचं नाव काळ्या शाईनं खोडलेलं होतं. विषय साधा होता. खेड्यांतल्या बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या नुसत्या हातात न देता अंगणवाडीत एकत्र बसवून, गप्पा मारत, सेविकेसमोर द्यायच्या. पावसाळ्यात त्यांचं रक्त तपासलं, मग हिवाळ्यात पुन्हा तपासलं. रक्त छान वाढलं होतं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती की काही स्त्रिया दुसऱ्या तपासणीस उपलब्ध झाल्या नाहीत, म्हणून त्यांना हिशेबातून वगळलं आहे.

मी त्या ओळीवर तुटून पडले. मी बंजारा समाजातली, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची. दिवाळी झाली की आमच्या तांड्यातली धडधाकट माणसं बायकापोरांसह ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. हिवाळ्यात तिथं तपासणी ठेवणं म्हणजे कुलपांची तपासणी ठेवणं. ज्या बाया सर्वांत जास्त राबतात, त्यांनाच या लेखकानं वगळलं, आणि सावलीत बसलेल्यांचं रक्त मोजून स्वतःची पाठ थोपटून घेतली, असं मी बोलले. बोलण्याच्या भरात या गृहस्थानं तांडा कधी पाहिलेला दिसत नाही असंही म्हणून गेले. पोरांनी टेबलं वाजवली.

सर उठले, निबंध माझ्या हातातून घेतला आणि जिच्यावर नाव खोडलेलं नव्हतं अशी दुसरी प्रत टेबलावर ठेवली. लेखक म्हणून त्यांचंच नाव होतं.

माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक तेच होते. शिवाय सरांच्या एका निबंधाच्या जोरावर कसलीशी योजना सगळ्या जिल्ह्यात लागू व्हायची आहे, एवढं आम्ही ऐकून होतो; तो निबंध हाच होता. सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि आयुष्यभराच्या कामातलं हे एकच काम नावारूपाला आलेलं. सर मात्र माझ्याकडं असं पाहत होते की जणू मी त्यांना काही बक्षीस दिलं आहे.

‘मले वाटलं, दिवाळीच्या बाया माहेरी गेल्या असतीन,’ ते म्हणाले. ‘आमच्या घरी तसंच असते ना. साऱ्या जगाले इचारत बसलो अन् सोताले इचारलंच नाई. राठोड, चाल, पाहून येऊ.’

आणि खरोखर आम्ही निघालो. आधी आमच्याच तांड्यावर गेलो; सरांच्या अभ्यासातल्या वस्त्यांत तोही होता. ओळीनं कुलपं, दारात म्हातारी माणसं, नातवंडं आणि शेळ्या. माझी याडी, म्हणजे आई, सरांना पाणी देत म्हणाली की सून असती तर चहा तरी बरा झाला असता. सरांनी विचारलं, सून कुठं आहे? ‘उसात,’ याडी म्हणाली. वगळलेल्या बायकांची यादी सरांनी सोबत आणली होती आणि तीत माझी सख्खी वहिनी होती. हे मलाही तिथं उभं राहिल्यावर कळलं.

टोळीच्या मुकादमाला फोन लावून ऊसतोडीचा फड कुठं पडला आहे ते विचारलं आणि सुट्टी टाकून आम्ही थेट उसात पोचलो. तिथल्या खोपट्यांपुढं सरांनी घोंगडी टाकली, रक्त तपासायचं यंत्र मांडलं आणि सुट्टी झालेल्या बायांची बोटं टोचायला बसले. वहिनीची पाळी आली तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिचं रक्त अभ्यासातल्या पहिल्या तपासणीत होतं त्याहून खाली आलं होतं. सरांनी गोळ्या घेत नाहीस का म्हणून विचारलं, तर ती जराही न रागावता म्हणाली, ‘गोळ्या हायेत ना साहेब. त्या तिकडं अंगणवाडीत, अन् आमी इकडं.’

फडात फिरता फिरता आमच्या यादीतल्या बऱ्याच जणी भेटल्या आणि बहुतेकींची तीच गत होती. परतताना सर जीपच्या मागच्या सीटवर बसून सारखे बोलत होते. बाया निघायच्या आधीच पुऱ्या हंगामाच्या गोळ्या बांधून कशा देता येतील, फडातली कोणती बाई त्या सगळ्यांना खाऊ घालील, मोजणी उन्हाळ्यात ठेवली तर काय होईल. मी शेवटी म्हटलं, ‘सर, निकाल तर बुडाला.’

‘बुडाला तं बुडाला,’ ते म्हणाले. ‘बाया तं सापडल्या.’

महाविद्यालयात हितचिंतकांची काही कमी नव्हती. निवृत्तीपर्यंत गप्प बसा, छापून आलेलं कोण उकरून काढतं, असं त्यांना अनेकांनी सुचवलं. सरांनी जिल्ह्याच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की माझा निष्कर्ष घरी राहिलेल्या बायांपुरताच खरा आहे, त्यावर सगळा जिल्हा चालवू नका. नियतकालिकालाही तसं कळवलं, आणि ती दुरुस्ती त्यांच्या नावानिशी छापून आली. जिल्ह्यानं योजना थांबवून बदलली. पुढच्या दिवाळीला वहिनी उसात निघाली तेव्हा गोळ्यांची पुडी तिच्या गाठोड्यात होती. मला त्या दिवशी सरांचा इतका अभिमान वाटला की मी याडीला फोन करून उगाचच रडले.

निवृत्तीनंतर सर दारव्ह्याला राहू लागले आणि त्या विभागात मी शिकवू लागले. दरवर्षी नव्या तुकडीला मी तोच निबंध देते, नाव खोडून, आणि दुरुस्ती मात्र टाचून ठेवते. त्या दिवशी सर एसटीनं यायचे आणि मागच्या बाकावर अनोळखी म्हाताऱ्यासारखे बसायचे. पोरं त्यांच्या निबंधाच्या चिंध्या करू लागली की त्यांचे खांदे हसून हसून हलायचे. मग मी टाचण्या काढून दुरुस्ती वाचायची आणि त्यांनी उठून हात वर करायचा. पोरांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

यंदाच्या पावसाळ्यात सर गेले. मन घट्ट करून मी याही वर्षी तो तास घेतला. पोरांनी निबंध फाडला, मी दुरुस्ती वाचली, आणि आता तास संपला असं समजून कागद गोळा करू लागले. तेवढ्यात केळापूरकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक मुलगी उभी राहिली. तिला दुरुस्तीतही काहीतरी खटकलं होतं.

‘मॅडम, यात गावं हायेत, तांडे हायेत,’ ती म्हणाली. ‘आमच्या पोडावर तं अंगणवाडीच नाई. आमच्या बाया सुरुवातीच्या यादीतबी नाई आल्या. त्याइले कोणं मोजलं?’

मी सवयीनं मागच्या बाकाकडं पाहिलं. हे ऐकायला ते हवे होते, फार हवे होते. इतकी वर्षं ती दुरुस्ती आम्ही दोघांनी किती अभिमानानं वाचून दाखवली, आणि त्यात कुणी राहिलं असेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी हातातले कागद तिथंच टाकले आणि तिला म्हटलं, ‘चाल, पाहून येऊ.’