सावकाशराव ट्रॅकवर

शववाहिनी चालवणाऱ्या माणसाला कुणी 'जरा दामटा' म्हणत नाही. सावकाशरावांना तर नोकरीला लागल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या त्या कंपनीत फुलांच्या सजावटीचं काम करणाऱ्या बाईंनी ते थट्टेत ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आत पेटी, मागे घरची माणसं पायी. ब्रेक असा दाबायचा की पेटीवरची पाकळीसुद्धा हलता कामा नये. हे त्यांना छान जमायचं. क्लचचा धक्का नको म्हणून मालकांनी गाडीही ऑटोमॅटिक घेतली होती. सावकाशरावांची बायको म्हणायची, "यांच्या गाडीत बसलेल्यांची आजवर एक तक्रार नाही!"

घरची गाडीही त्यांनी सवयीची म्हणून ऑटोमॅटिकच घेतली. जुनी, निळी, चार दरवाजांची. गिअरच्या दांड्याशेजारी, रोज गाडी चालवायच्या 'डी'च्या खाली 'एस' असं अक्षर होतं आणि बाजूला अधिक-उण्याच्या खुणा. सावकाशराव 'डी' सोडून पुढे कधी गेले नव्हते. पण सिग्नलला थांबले की नजर हमखास त्या अक्षरावर जायची. घर आपलंच, आणि त्यातली एक खोली कधी उघडूनच पाहिली नाही, असं काहीसं त्यांना वाटायचं.

एकदा जेवताना त्यांनी मेहुण्याला विचारलं, "या 'एस'मध्ये नक्की होतं काय?"

मेहुणा छापखान्यात मशीन चालवायचा आणि सुट्टी मिळाली की रेसच्या ट्रॅकवर पळायचा. तिथे 'ट्रॅक डे' असतो. आपापली गाडी न्यायची आणि दिवसभर हवी तशी पळवायची. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही.

"भावोजी, ते सांगून कळायचं नाही," मेहुणा म्हणाला. "रविवारी माझ्याबरोबर चला. पण आधीच सांगतो, ऑटोमॅटिक म्हणजे लिफ्ट. बटण दाबायचं आणि गप्प उभं राहायचं. लोक हसतील."

"हसू देत. आमच्या कामात कुणी हसत नाही, तेवढाच बदल."

"अहो, ट्रॅक संध्याकाळी बंद होतो म्हणे," बायको म्हणाली. "तोवर तुमची एक तरी फेरी होईल का?" पण रविवारी सगळ्यांच्या आधी तयार होऊन तीच गाडीत बसली होती.

ट्रॅकवर पहिलं काम म्हणजे गाडीतलं सुटं सामान बाहेर काढणं. पायपुसणी निघाली, छत्री निघाली, सीटखालून बायकोची चप्पल निघाली. "बघा, हिला मी केव्हाची शोधतेय!" ती म्हणाली. तपासनिसाने ब्रेक पाहिले, टायरची हवा पाहिली, उसनं आणलेलं हेल्मेट सावकाशरावांच्या डोक्यावर हलवून पाहिलं. शेजारच्या गाडीवाल्याने गिअरकडे बघून भुवया उंचावल्या, पण हसलं मात्र कुणी नाही.

पहिल्या खेपेला त्यांच्या शेजारी ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई बसल्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, बोलणं मोजकं. सावकाशरावांनी 'डी' टाकला आणि निघाले. सरळ रस्ता बरा गेला. वळण आलं तसा त्यांनी पाय उचलला. वळणाच्या मध्यावर पुन्हा दाबला, तर गाडी क्षणभर काहीच करेना आणि मग एकदम उसळली. नाक बाहेरच्या कडेला जाऊ लागलं. त्यांनी ती कशीबशी आवरली.

"असं का केलं हिने?" घाबरण्याऐवजी त्यांनी विचारलं.

"तिला वळण दिसत नाही, काका. ती फक्त तुमचा पाय बघते. पाय उचललात, तिला वाटलं आता आराम. तिने वरचा गिअर टाकला. तुम्ही परत दाबलात, तेव्हा तिला घाईने खाली यावं लागलं."

"म्हणजे इतकी वर्षं हिचा सगळा अंदाज माझ्या पायावरूनच?"

"आता 'एस' टाका. 'एस' म्हणजे स्पोर्ट."

त्यांनी दांडा ओढला. इंजिनाचा आवाज चढला आणि चढलेलाच राहिला. या वेळी गाडीने गिअर धरून ठेवला. वळणातून बाहेर पडताना त्यांनी पाय दाबला तर पाठ सीटला चिकटली. हेल्मेटच्या आत ते मोठ्याने हसले. या गाडीचा हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

पुढच्या फेरीत बाईंनी त्यांना अधिक-उण्याने स्वतः गिअर बदलायला सांगितलं. उत्साहाच्या भरात त्यांनी फारच लवकर उणे, म्हणजे खालचा गिअर, मागितलं. टुं, असा आवाज आला आणि काहीच झालं नाही.

"नाही म्हणाली!" सावकाशराव ओरडले. "हिला नाही म्हणता येतं?"

"एवढ्या वेगात इंजिन फुटलं असतं, म्हणून म्हणाली. आधी ब्रेक, मग उणे."

दुपारी ते एकटेच गेले. तोवर वळणांची ओळख झाली होती आणि अंगात थोडं वारंही शिरलं होतं. एका फेरीला दोन गाड्या त्यांनी मागे टाकल्या. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि करपल्यासारखा वास आला. गिअरबॉक्सचं तेल तापलं होतं. बाईंनी सकाळी सांगितल्याप्रमाणे ते कडेला सरले, 'डी' टाकला आणि उरलेली फेरी अगदी हळू काढू लागले. मेहुणा बाजूने सुसाट गेला. बाहेर आल्यावर त्यांनी गाडी उभी करायच्या 'पी'मध्ये सुरूच ठेवली, म्हणजे तेल फिरत राहून निवेल. तापलेले ब्रेक चिकटून बसतात, म्हणून हँडब्रेक ओढला नाही.

मेहुणा धावत आला. "भावोजी, गाडी गेली की काय? मला वाटलं, तुम्ही तिची अंत्ययात्रा काढलीत!"

"नाही रे, दमली नुसती. पण मला सांग, तुझी का नाही तापली? तुझ्या गाडीत क्लच आहे म्हणून? मग हिच्यात क्लचच्या जागी काय आहे?"

"ते… विचारावं लागेल," मेहुणा म्हणाला.

संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला बायको शेजारी बसली. दिवा विझला होता, तरी सावकाशरावांनी गाडीला जपूनच नेलं, पण सरळ रस्त्यावर एकदा पाय पुरता दाबला. बायकोने दोन्ही हातांनी सीट धरली, डोळे मिटले, मग एक उघडला. उतरल्यावर ती "घरी जाताना मात्र नेहमीसारखे चला," एवढंच म्हणाली, आणि लगेच, "एखादा सरळ रस्ता लागला तर बघू."

त्या आठवड्यात गॅरेजवाल्याने गाडी वर चढवून गिअरबॉक्सचं तेल काढलं. लाल असायला हवं ते काळपट तपकिरी झालं होतं. तळाच्या ताटलीतल्या चुंबकावर करडा, मऊ चिखल जमला होता.

"काही मोडलं का?" सावकाशरावांनी विचारलं.

"छे. गिअर धरणाऱ्या आतल्या चकत्या झिजतात, त्यांचा हा चुरा. सगळ्याच गाड्यांत असतो. तेल बदललं की झालं."

सावकाशरावांनी तो चिखल बोटावर घेतला, उजेडात धरला, अंगठ्याने चोळून पाहिला. मग शेजारचं स्टूल ओढून त्यावर बसले.

"चकत्या किती असतात? आणि कोणत्या चकतीने कधी धरायचं, हे त्यांना सांगतं कोण?"

गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मागच्या फळीवरून एक उघडलेला जुना गिअरबॉक्स दोन्ही हातांनी उचलून आणला.