विमानाचं मशीन कुठेही जाणार नाही

परळच्या आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सकाळी मेन स्विच वर केला की बारा मशीन एकदम जागी व्हायची. आधी पिक्चर ट्यूब तापल्याची बारीक 'चीं', मग प्रत्येकाची आपापली धून, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातल्या विमानाच्या मशीनची घरघर. म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तशी. बारा मशीनचा तो एकत्र आवाज ऐकून खूप वर्षं झाली. अजूनही शेजारी मिक्सर लागला तरी मी क्षणभर हातातलं काम थांबवतो.

मी त्या पार्लरचा मेकॅनिक. शिक्षण सातवी, तीही रडतखडत. बोलणं सावकाश. आमचे शेजारी पाटकर म्हणतात, "नानांनी वाक्य सुरू केलं की मी पेपर वाचून घेतो. पेपर संपेपर्यंत वाक्य येतं!" पण पार्लर बंद झालं आणि मालकाने विचारलं, "नाना, तुला काय हवं?" तेव्हा मी लगेच बोललो.

"ते विमानाचं मशीन."

तेव्हापासून ते आमच्या लालबागच्या चाळीतल्या खोलीत आहे. मशीनच्या मागच्या जाळीला धूळ धरते तसे त्याच्याभोवती किस्से धरत गेले. झटकले तरी पुन्हा धरतात. रविवारी सकाळी जुनी मंडळी जमतात, चहा होतो, तेच किस्से निघतात आणि दर खेपेला थोडे वाढतात.

आता चाळ पाडून टॉवर होणार आहे, म्हणून तोवर शिवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. आमचा मुलगा महेश एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघतो. त्याने एका संध्याकाळी जाहीर केलं, "बाबा, मशीन येणार नाही. तिकडे जागा नाही."

मी म्हटलं, "मग मीही येणार नाही. मलाही जागा लागते."

*

मशीन घरी आलं तो दिवस अजून गल्लीला आठवतो.

गणपतीला आठ दिवस होते. परळहून हातगाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू पडलेले. गाडी आत जाईना. पडद्याची काच फुटू नये म्हणून मी त्यावर लाल फडकं बांधलं होतं. आता लालबागच्या माणसाला जड वस्तू उचलायची एकच पद्धत ठाऊक. खाली फळी, चार कोपऱ्यांना चौघे, आणि पाचवा पुढे उलटा चालत "सांभाळून, सांभाळून" म्हणणारा.

आम्ही उचललं. उचलताना एकाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गणपती बाप्पा!"

अख्खी गल्ली म्हणाली, "मोरया!"

पहिल्या मजल्यावरच्या मालवणी आजी धावत खाली आल्या, हातात आरतीचं ताट. तोंड झाकलेलं, चौघांनी उचललेलं, मागे पोरं नाचतायत. त्यांनी दुसरं काय समजायचं? ओवाळायला लागल्या. वर आम्हाला विचारतात, "यंदाची मूर्ती उभी असा काय रे?"

मी "आजी, हे मशीन आहे" असं म्हणायला तोंड उघडलं. माझं वाक्य बाहेर येईपर्यंत त्यांचं पाच वेळा ओवाळून झालं होतं आणि कुंकूही लावून झालं होतं! तेवढ्यात फडकं सरकलं. आजींनी विमान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आता ओवाळलंय मां. मग नीट ठेव त्येका!"

तेव्हापासून नीटच ठेवलंय. ओवाळून घरात घेतलेलं भंगारात द्यायचं, हे आमच्यात बसत नाही. महेशला हे सांगितलं तर म्हणतो, "बाबा, हे काय लॉजिक आहे?"

लॉजिक नसेल. पण आहे.

*

मशीन जाणार म्हणून मला वाईट वाटू नये, या विचाराने महेश एक दिवस सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी घेऊन आला. ती टीव्हीला जोडली. म्हणाला, "हे इम्युलेटर. आतला प्रोग्राम तुमच्या मशीनची हुबेहूब नक्कल करतो. तेच विमान, तोच आवाज. आणि एक गेम नाही बाबा, पाच हजार!"

पोराचा जीव चांगला आहे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रविवारी मंडळी आली तेव्हा डबी चालू केली.

यादी सुरू झाली. पाटकर म्हणाले, "हा नको, पुढचा बघ." मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कोणी म्हणालं मारामारीचा लावा, कोणी म्हणालं गाड्यांचा. तासभर यादी वर गेली आणि खाली आली. दोन वेळा चहा झाला. शेवटी जेवायची वेळ झाली म्हणून सगळे उठले. एकही गेम लागला नव्हता!

महेश चिडला. "अहो, पण नक्कल इतकी परफेक्ट आहे! कुठेही चुकत नाही."

पाटकरांनी चप्पल पायात सरकवली. "महेश, कधीच न चुकणारी माणसं मला ऑफिसात पस्तीस वर्षं भेटली. रविवारी तरी नको."

मला महेशशी भांडता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो, तेव्हा आपण हसून काहीतरी हातावर ठेवतो. पण घरात चोरी झाली तर त्याला बोलवत नाही."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे मशीन येणार."

*

विलास माने हा आमच्या पार्लरचा राजा होता. शाळेच्या दप्तरासकट यायचा आणि विमानाच्या मशीनवर असा खेळायचा की मागे गर्दी उभी राहायची. आता बस चालवतो. केस पांढरे झालेत. मशीन जाणार असं कानावर आलं म्हणून एका रविवारी भेटायला आला.

महेशने त्याला आधी डबीवर बसवलं. "काका, खेळा. काही फरक वाटला तर सांगा."

विलास तिसऱ्या फेरीत मेला. पुन्हा खेळला, पुन्हा तिसऱ्या फेरीत मेला. तिसऱ्यांदाही तेच. रिमोट खाली ठेवून कसंनुसं हसला. "वय झालं नाना. हात गेला."

इतका चांगला गडी, त्याचा असा चेहरा मला बघवेना. मी उठून मशीनचा स्विच दाबला. "इकडे ये."

तिसरी फेरी आली. या फेरीत पडदाभर विमानं येतात, आणि आमच्या जुन्या किटला, म्हणजे मशीनच्या आतल्या सर्किटला, तो भार झेपत नाही. सगळंच हळू होतं. गोळ्या हळू, विमानं हळू. त्या संथपणात विलासने आपलं विमान दोन गोळ्यांच्या मधून असं काढलं, जशी बस तो भारतमाता टॉकीजच्या वळणावर काढतो! तिसरी फेरी पार. चौथीही पार.

"नाना!" तो ओरडला. "मशीन दमतं ना, तेव्हाच मी श्वास घ्यायचो! त्या डबीला दमच लागत नाही. मग मी श्वास कधी घेणार?"

महेश म्हणाला, "पण काका, हा मशीनचा दोष झाला."

मी म्हटलं, "असू दे. आपल्याला दोष माहीत असला की ते घरातलं."

*

आता हिची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. मशीन आलं त्या दिवशी हिचं कपाट खोलीतून उचलून बाहेर गॅलरीत ठेवावं लागलं. ते अजून गॅलरीतच आहे. इतकी वर्षं ही साडी काढायला गॅलरीत जाते आणि परत येताना मशीनकडे बघून म्हणते, "घालवा हो ते एकदाचं."

फक्त थंडीच्या दिवसांत हिला ते चालायचं. मशीन तासभर चालू राहिलं की वरची फळी कोमट होते. ही दुधाला विरजण लावून पातेलं त्यावर ठेवायची. दही असं लागायचं की पाटकर वाटी घेऊन यायचे. ही म्हणायची, "तुमच्या मशीनने जन्मात केलेलं हे एवढंच काम!"

डबी आली त्या आठवड्यात महेशने आईला आपल्या बाजूने ओढायला बघितलं. "आई, बघ किती छोटी. वीज कमी खाते. जागा कमी. गरमसुद्धा होत नाही."

"गरम होत नाही?"

"अजिबात नाही."

"मग दही कशावर लावू? तुझ्या डोक्यावर?"

मला वाटलं, चला, ही आपल्याकडे आली. मी हसलो. हिने माझ्याकडे वळून सांगितलं, "हसू नका. माझं कपाट आत आणा आधी."

*

वरळीच्या एका टॉवरमधले एक साहेब जुनी मशीन जमवतात. महेशनेच त्यांना शोधून आणलं. म्हणाला, "बाबा, भंगारात नको ना? मग यांच्याकडे द्या. काचेच्या खोलीत ठेवतील."

साहेब सभ्य. चप्पल बाहेर काढून आले. हातमोजे घातले, मशीनची मागची फळी उघडली, टॉर्च मारला. बराच वेळ वाकून बघत होते. मग उठून हळूच म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. हे ओरिजिनल नाही. किटवर कंपनीचं नाव नाही. ही त्या काळातली कॉपी आहे. कॅबिनेटही कंपनीचं नाही."

"कॅबिनेट परळच्या सुताराने केलं," मी म्हटलं. "विमानाचं चित्र गल्लीतल्या पेंटरने काढलं. त्याने खरं विमान बघितलं नव्हतं, म्हणून ते थोडं बांगड्यासारखं दिसतं. मासा बांगडा. आमच्या पार्लरची सगळीच मशीन अशी बाजारातून उभी केलेली होती."

महेशने टाळी वाजवली. "ऐकलंत? इतके दिवस माझ्या डबीला नक्कल म्हणताय, आणि तुमचं ओरिजिनलच डुप्लिकेट!"

पाटकर खो खो हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, ते हसू फार टिकलं नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच पोराने टाळी वाजवणं वेगळं.

मग मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हा टॉर्च जरा परत मारा. ती डावीकडची वायर दिसते? ती मी बदललेली. तो मोठा काळा पार्ट माझा. ते सगळे डाग दिसतायत ना, शिशाचे, ते माझ्या हातचे. एकेक जागा दहा-दहा वेळा डागलीय. त्या किटमध्ये आता कंपनी किती, चोर किती आणि मी किती, तुम्हीच मोजा."

साहेबांनी हातमोजे काढले आणि मशीनला नुसता हात लावला. जाताना महेशला म्हणाले, "हे मला नको. हे माझ्याकडे बंद पडेल."

*

शेवटचा रविवार. खोलीभर खोकी बांधलेली. महेशने टेम्पो ठरवला होता आणि टेम्पोबरोबर भंगाराच्या दुकानातली दोन माणसं बोलावली होती. ती दोर घेऊन दारात उभी. मी मशीनला पाठ लावून उभा. पाटकर आणि विलास माझ्या दोन बाजूंना.

महेश दमला होता. मलाही त्याची कीव आली. पण मी हललो नाही.

"बाबा, पुरे झालं," तो म्हणाला. "आपण घरात तिघं. तुम्ही ठेवा म्हणता, मी नको म्हणतो. आता आई सांगेल. ती म्हणेल ते शेवटचं. कबूल?"

पाटकर माझ्या कानाशी लागले. "नाना, नाही म्हणा. ते कपाट अजून गॅलरीत आहे!"

पण मला नाही म्हणता येईना. कपाट खरंच गॅलरीत होतं. मी म्हटलं, "कबूल."

आतल्या बाजूला ही विळीवर नारळ खवत होती. गॅसवर कुकर होता. हिने विळी मिटली, मोरीत हात धुतले, पदराला पुसले. बाहेर आली. मला बाजूला व्हायची खूण केली. मी झालो. दोरवाल्यांपैकी एक पुढे सरकला, तर त्यालाही हिने हातानेच थांबवलं.

मग हिने मशीनचा स्विच दाबला. पडदा उजळेपर्यंत दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे मागे सारल्या.

विमान फिरवायची काठी धरली. नवखा माणूस ती मुठीत आवळतो. हिने खालून धरली, दोन बोटांत, मोदकाचं टोक धरावं तशी.

पहिली फेरी महेशचं "आई, अगं..." संपायच्या आत संपली. दुसरी फेरी. विलास एक पाऊल पुढे आला. तिसऱ्या फेरीत मोठं जहाज आलं. विलासच्या तोंडून निघालं, "वहिनी, डावीकडून..."

ही आधीच डावीकडे होती.

चौथी. पाचवी. पाचवी फेरी पार्लरमध्ये विलासनेसुद्धा मोजून दोनदा बघितली होती. सहावीत काय असतं ते मला मेकॅनिक असून ठाऊक नव्हतं. सहावीत समुद्र असतो. हिरवा.

"साहेब, बांधायचं का?" दोरवाल्याने दारातून विचारलं. महेशने मागे न बघताच त्याला "थांबा" म्हटलं.

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. हिने काठीवरचा हात काढला. विमान पडद्यावर अजून उडत होतं. हिने बांगड्या मनगटाकडे ओढल्या आणि गॅस बंद करायला आत गेली.