रंगाचा एकच हात

पर्वत पाटियाजवळच्या एका साडी कारखान्यात लाकडी माळा होता. वर बायका बसून साड्यांचे धागे कापायच्या. त्यांच्यात बमरोलीतली आमची शेजारीण होती, मूळची धुळ्याकडची. मला भाऊ मानायची. त्या माळ्याला आगरोधक रंग द्यायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. रंगारी मी.

हा रंग तापला की फुगतो आणि लाकूड लगेच पेटू देत नाही. माणसांना उतरायला वेळ मिळतो, एवढंच. पण त्याला तीन हात द्यावे लागतात. ठेकेदाराने एकच द्यायला लावला आणि वरून साधा पांढरा ऑइलपेंट.

"हे चालणार नाही," मी म्हणालो.

"शेठला चमक पाहिजे. तू मारत राहा."

तपासणीसाठी एक फळी वेगळी ठेवली होती. तिला मात्र मी तीन हात दिले होते. तपासायला आलेल्या साहेबांसमोर मीच ती धरली, खाली बर्नर लावला. रंग फुगला, लाकूड शाबूत राहिलं. साहेब खूश झाले. मी फळी खाली ठेवली.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "भाऊ, काम पक्कं शे ना?"

मी हो म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी खालच्या वायरिंगने पेट घेतला. धूर पाहून बायका जिन्यावर एकदम धावल्या. शेजारणीने ओरडून त्यांना थोपवलं: चेंगराचेंगरी करू नका, लाकूड लगेच जळणार नाही, एकेक उतरा. सगळ्या उतरल्या. शेवटी ही निघाली, तेवढ्यात पायाखालचा माळाच खचला.

सरकारी दवाखान्यात तिचे दोन्ही पाय बांधलेले होते. मला पाहून म्हणाली, "तुम्हना हातना रंग व्हता ना, भाऊ? म्हनीसन मी थांबनू."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचा नवरा एवढंच म्हणाला, "निघा."

तेच सांगायला मी चौकीत गेलो. जमादाराने तपासणीचा कागद पुढे सरकवला. "यात तीन हात लिहिलेत. खाली सही कुणाची?"

माझीच होती.

वाचलेल्या बायका अजून तिला भेटायला येतात, तिच्या पाया पडतात. त्या गल्लीत दिसल्या की मी दार लावून घेतो.

कारखान्याचा माळा पुन्हा उभा राहिला. काम त्याच ठेकेदाराला मिळालं, आणि त्याने मलाच बोलावलं. मी गेलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा रंगारी गेला.