आंधणातला भात

मुलाखतीला गेले तेव्हा कार्यालयप्रमुख पटले सरांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीच नाहीत. खिशातून मूठभर धान काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "सांग पोरी, उतारा कितीक येईन?" क्विंटलभर धानातून तांदूळ किती निघेल, एवढंच ते विचारत होते. मी रुबाबात म्हटलं, "सत्तर किलो."

"घासल्याबिगर सांगून राहिली?" मग त्यांनी धान तळहातांत चोळलं, फुंकर मारली आणि अख्खे दाणे किती, कणी किती ते दाखवलं. नोकरी तरीही दिली.

गोंदियात एका राईस मिलशेजारी आमचं चार संगणकांचं कार्यालय होतं. दूरदेशीच्या गॅस विहिरींचे आकडे आमच्याकडे यायचे. या विहिरी खोल उतरून मग खडकाच्या थरातून आडव्या जातात. सुरुवातीला गॅस भरभरून येतो, मग झपाट्याने कमी होतो. विहिरीच्या आयुष्यात एकूण किती निघेल आणि खोदाईचा खर्च भरून येईल का, हे आम्ही सांगायचं. सर त्यालाही उताराच म्हणत.

त्यांचा हेकेखोरपणा मात्र डोकं उठवायचा. ग्राहक फोनवर ताटकळतोय आणि हे पेन्सिलीला टोक काढत बसलेत. "आकडे उतरू दे ना आधी. घाई कायले करून राहिली?" मी कितीदा मनात चरफडले असेन.

एकदा ग्राहकाला एका विहिरीचा अहवाल पाच महिन्यांच्याच आकड्यांवर हवा होता. त्याच्या भरवशावर शेजारी आणखी विहिरी खोदायच्या होत्या. आमच्या कार्यालयाचे मालक म्हणाले, "सर, शितावरून भाताची परीक्षा होते."

"होते ना, भात शिजल्यावर. हे तं अजून आंधणात हाय."

माझ्या आलेखावर त्यांनी पेन्सिलीने खूप खालून एक रेष ओढली. माझा आकडा त्यांच्या तिप्पट होता. त्यावर सही करायला ते नाहीच म्हणाले. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. सरांनी डबा पिशवीत टाकला आणि नोकरी सोडून आपल्या गावाची, सालेकशाची गाडी पकडली.

विहिरी खोदल्या गेल्या आणि एकीचाही खर्च निघाला नाही. मालक बाजाराला दोष देत राहिले. दोन वर्षांनी मी पहिल्या विहिरीचे नवे आकडे जुन्या आलेखावर मांडले आणि तो घेऊन सालेकशाला गेले, शिव्या खायच्या तयारीनेच. सर अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला. नवे ठिपके त्यांच्या रेषेच्याही खाली होते. ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "म्हंजे मी बी फुगवूनच सांगतलो."

"सर, तुमचं थोडंसंच चुकलं."

"थोडं काऊन म्हणते? चुकलं तं चुकलं. पेन्सिल दे."

मी दिली. ते वाकून आपली चूक शोधू लागले. तिप्पट आकड्यावर सही करणारी मी समोरच बसले होते. रागावण्याइतकंही त्यांनी मला मोजलं नाही.